रांगोळीतली गाडी

दिवाळीला लोक अंगणात कमळ काढतात, मोर काढतात, फार तर एखादी हौशी मुलगी ताजमहाल काढते. परतवाड्यात आमच्या घरी मात्र दोन वर्षांपूर्वी नरकचतुर्दशीच्या सकाळी अंगणात चार मोटारगाड्या काढलेल्या होत्या. चारही चौकोनी. त्यांना ना चाके, ना दिवे. शेजारच्या वहिनी फराळाचे ताट घेऊन आल्या, फाटकाशीच थबकल्या आणि म्हणाल्या, "सर, हे काय जी? अंगणाचे प्लॉट पाडून राह्यले काय?"

त्यांचा गैरसमज होण्यासारखेच दृश्य होते. चारांपैकी एका चौकोनात चटई टाकून, डोक्याखाली उशी घेऊन आमची ही उताणी पडली होती; आणि मी गुडघे टेकून तिच्या टाचेपासून रांगोळीच्या रेघेपर्यंतचे अंतर टेपने मोजत होतो. शाळेत बत्तीस वर्षे भूमिती शिकवली, पण इतक्या जबाबदारीचे माप मी तोपर्यंत घेतले नव्हते. ते का घ्यावे लागले, हे मुळापासून सांगतो.

त्याच्या आदल्या वर्षी ही न्हाणीघरात घसरून पडली. मणक्याचे ऑपरेशन झाले. चालणे-फिरणे सुधारले, पण बसणे म्हणून जे असते ते गेले ते गेलेच. डॉक्टरांनी बजावून सांगितले, "पाऊण तास बसा. मग पाठ टेकलीच पाहिजे." घरात हा नियम पाळणे कठीण नव्हते. पंगतीतली माणसे उठायच्या आत ही आतल्या खोलीत आडवी झालेली असे, एवढेच. पण आमची एकुलती एक कन्या बुलढाण्यात शिक्षिका आहे. तिला मुलगा झाला. त्याच्या बारशाला आजीने हजेरी लावली ती मोबाइलच्या काचेतून. पाळण्याची दोरी दिसली, बायकांचे आवाज आले, आणि नाव कानात सांगायच्या नेमक्या क्षणी चित्र गोठले. हिने मोबाइल उलटा करून ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. झोप लागली नसणार, हे मला ठाऊक होते.

परतवाडा ते बुलढाणा हे अंतर काही काशीयात्रेचे नव्हे. अंजनगाव, अकोट, शेगाव, खामगाव करीत, बोथ्याच्या जंगलातून घाट चढला की बुलढाणा. दोनशे किलोमीटरांच्या आतबाहेर. पण पाऊण तासाच्या वर बसता न येणाऱ्या माणसाला ते काशीइतकेच लांब. बुलढाण्याला रेल्वे नाही. आमच्याकडे अचलपूरहून मूर्तिजापूरला रमतगमत जाणारी शकुंतला होती, तीही आता बंद आहे. एस.टी.त आडवे होता येत नाही. भाड्याच्या मोटारीत मागच्या आसनावर निजवून पाहिले, तर अंजनगावच्या अलीकडेच हिने ओठ दाबून धरले. आम्ही परत फिरलो.

त्याच सुमारास भाच्याने मला परदेशातल्या घरवजा गाड्यांची चित्रे दाखवली. आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, खिडकीला पडदा. आपल्याकडेही २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा ही कल्पना अगदीच विलायती राहिलेली नाही. तयार गाडीची किंमत ऐकून मात्र मी चष्मा पुसला. "मामा, व्हॅन घ्यायची आणि घरीच करून घ्यायची," भाचा म्हणाला. परतवाड्यासारख्या सागवानाच्या गावात, जिथे आरागिरणीचा आवाज ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो, तिथे सुतारकामाची काय चिंता! माझ्या डोक्यात ते भूत शिरले.

आणि भूत शिरले म्हणजे माणूस करतो तेच मी केले. ज्या माणसासाठी गाडी घ्यायची, त्याला सोडून बाकी सर्वांना विचारले.

सगळ्यांचे मत पडले की मोठी गाडी घ्यावी. पूर्वी मॅटाडोर होती, तशी आता ट्रॅव्हलर. पुण्याच्या ज्या कारखान्याला आपण बजाज टेम्पो म्हणत होतो आणि २००५ सालापासून ज्याचे नाव फोर्स झाले, त्याची ही गाडी. आत माणूस उभा राहतो, असे मला सांगण्यात आले. साठी उलटलेल्या माणसाला गाडीत उभे कशाला राहायचे असते, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही. अमरावतीला एक जुनी शाळेची बस विकाऊ होती. मी ती पाहिली, आतून चाललो, दोन्ही हात वर केले, आणि तिथल्या तिथे वीस हजार रुपये इसार देऊन आलो. घरी बोललो नाही. पाडव्याला ओवाळणीत किल्ली ठेवायची, असा बेत होता.

परतीच्या वाटेवर परिवहन खात्यातून निवृत्त झालेले एक स्नेही भेटले. मी फुशारकीने बेत सांगितला. छताला झरोका पाडणार, खिडक्या बुजवणार, बाके उपटून पलंग ठोकणार. त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि विचारले, "नोंदणी पुस्तकात काय लिहिलंय?"

"शाळेची बस."

"मग सर, ती बसच राहील."

त्यांनी मला जे समजावले ते थोडक्यात असे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातले ५२ वे कलम सांगते की बनवणाऱ्याने गाडीचे जे तपशील दिले आणि जे पुस्तकात चढले, त्यांत बदल होईल अशी फेररचना मालकाला मनाने करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही याच मुद्द्यावर कान उपटले आहेत. मुक्कामाच्या गाड्यांना स्वतंत्र मानके आहेत. त्या रीतीने बांधून, तपासून, नोंदवून घेता येतात, पण तो खर्चाचा आणि खेपांचा मामला. शिवाय ही बस व्यवसायाच्या नोंदणीतली. ती खाजगी करून घ्यायची हा आणखी एक खटाटोप. "आणि उद्या अपघात झाला," ते म्हणाले, "तर विमावाला पहिला प्रश्न हाच विचारील, की हा पलंग पुस्तकात कुठे आहे?"

इसार बुडाला. बोली तशीच होती. विकणाऱ्याचा दोष नव्हता.

त्या रात्री हिला सांगावे लागले. वीस हजारांचे ऐकून ही काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्या बसची पायरी किती उंच होती जी?"

मला सांगता येईना. मी छत पाहिले होते, इंजिन पाहिले होते, टायरांच्या नक्षीची खोली पाहिली होती. जी पायरी हिला चढायची होती ती पाहिली नव्हती.

मग हिने मला तिच्या माहेरची गोष्ट सांगितली. बहिरमच्या यात्रेला त्यांचे सगळे घर बैलगाडीने जात असे. आमच्याकडच्या वाचकांना बहिरम सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी भैरवाचे ठाणे आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथे महिनाभर यात्रा भरते. लोक राहुट्या ठोकून राहतात, मातीच्या हंडीत मटण शिजते, गोवऱ्यांवर रोडगे भाजतात. हिच्या आजीला पाठीचा बाक होता, पण यात्रा चुकवणे तिला मान्य नव्हते. तेव्हा हिच्या वडिलांनी नवी दमणी करायला टाकली. सुतार आला, त्याने लाकूड पाहिले नाही, बैल पाहिले नाहीत, म्हणाला, "आंधी बुढीले निजवा." खळ्यात आजीला निजवले, सुताराने काठीने तिच्याभोवती मातीत रेघ ओढली, आणि त्या रेघेवर दमणी बेतली.

"तुम्ही गाडी मोजली," ही म्हणाली. "मले कोणी मोजलंच नाही."

शुद्ध बोलणारी ही 'मला'चे 'मले' करते तेव्हा प्रकरण खोल गेलेले असते, हा माझा पस्तीस वर्षांचा अनुभव. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी होती. अभ्यंगस्नान आटोपून मी रांगोळीचा डबा घेऊन अंगणात उतरलो.

चार चौकोन काढले. पहिला ओम्नीचा. मारुतीची ही व्हॅन १९८४ साली आली आणि २०१९ साली बंद झाली. तिच्यातून शाळेला गेलेली एक अख्खी पिढी आज नोकरीला लागली आहे. दुसरा तिच्या धाकट्या बहिणीचा, २०१० साली आलेल्या ईकोचा. तिसरा टाटांच्या विंगरचा, चौथा ट्रॅव्हलरचा. ओम्नी बाहेरून अकरा फूट, ईको बारा, ट्रॅव्हलर अठराच्या घरात. पण बाहेरचे माप फसवे असते. माणूस पत्र्यावर झोपत नाही, आत झोपतो. चालकाची जागा, दारांची जाडी, चाकांवरचे उंचवटे हे सगळे वजा केले की चौकोन मुठीएवढा होतो. म्हणून मी बाहेरची रेघ पांढरी आणि आतली लाल काढली. उंचीसाठी दोन बांबूंना सुतळी बांधली, आणि सुतळीखाली हिला उठून बसायला सांगितले.

ओम्नीत हिची उंची, पाच फूट एक इंच, मावली. पण उठून बसताना डोक्याला सुतळी लागली. विंगर आणि ट्रॅव्हलर ऐसपैस. मात्र त्यांचे चौकोन पाहून ही म्हणाली, "ही आपल्या गल्लीत वळंल का?" मी टेप घेऊन गल्लीत गेलो आणि मान खाली घालून परत आलो. ईकोत लाल रेघेच्या आत हिच्या टाचेपुढे वीतभर जागा उरली. उठून बसता आले. कुशीवर वळता आले.

"आता तुम्ही निजून पाहा," ही म्हणाली.

माझी उंची पाच फूट दहा. मी आडवा झालो. पाय लाल रेघेबाहेर गेले. दोघे शेजारी झोपून पाहिले, तर माझा खांदा चाकाच्या उंचवट्यावर. वहिनी ताट घेऊन फाटकाशी थबकल्या त्या याच्या थोडे आधी आल्या असत्या, तर गावात काय बातमी गेली असती, देव जाणे.

मापाने ईको ठरली, पण एक गाडी मात्र त्याहून सरस निघाली. भाच्याने बातमी आणली की एक जुनी रुग्णवाहिका विकाऊ आहे. निजायची सोय जन्मजात, पायरी बुटकी, आत हवा खेळती. मी आनंदाने घरी येऊन सांगितले. हिने चूल आवरता आवरता वर न पाहता म्हटले, "त्यातून मी एकदा जाऊन आले आहे. पडले त्या दिवशी." तो विषय तिथेच संपला. टेपला न कळणारीही काही मापे असतात.

त्यानंतर दोन महिने आम्ही जुन्या ईको पाहिल्या. बैलबाजारात सासरे बैलाचे दात पाहत, खूर उचलून पाहत, मग चार पावले चालवून पाहत, तेच तंत्र मी वापरले. दात म्हणजे नोंदणी पुस्तक: कितवा मालक, कर्जाचा बोजा उतरला की नाही, साच्यावरचा क्रमांक पुस्तकाशी जुळतो की नाही, आणि पंधरा वर्षांची मुदत किती उरली. खूर म्हणजे तळ. रंग नवा मारता येतो, पण पायपुसणे उचलून पत्रा बोटाने दाबला की गंज बोलतो. सरकत्या दाराची खाच, चाकावरचे कोपरे, मागच्या दाराची खालची कड, या जागा पाणी धरून ठेवतात. गॅसची टाकी असेल तर ती नेमकी बिछान्याच्या जागेत बसलेली असते, म्हणून आम्ही पेट्रोलचीच पाहिली. एका विक्रेत्याने गाडीचे कौतुक करता करता सांगितले, "सर, एक नंबर हाय. फक्त पावसाळ्यात थोडी गळते." मुक्कामाच्या गाडीला हे प्रशस्तिपत्र पुरेसे होते.

अखेर एक पांढरी, पाच आसनांची, एकाच मालकाची गाडी आवडली. आता चालवून पाहायची. मी वीस-वीस लिटरांचे आठ कॅन पाण्याने भरून आत ठेवले. एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा एकशेसाठ किलो वजन, हिशेब चोख. मालकाला शेजारी बसवले आणि चिखलदऱ्याचा घाट धरला. परतवाडेकराला हा घाट म्हणजे घरची परीक्षा. वर ते गाव १,११८ मीटर उंचीवर. वळणे अशी की कच्ची गाडी निम्म्यातच कबुली देते. ईकोचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते. घाट चढून गेल्यावर बूड गरम होते, हे खोटे नाही. पण काटा जागेवर राहिला. उतरताना ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरलो. ब्रेकचा वास आला नाही. मालक घामाघूम झाला, गाडी झाली नाही. सौदा ठरला.

बिछान्याचे काम मिस्त्रीकडे दिले, आणि तिथे पुन्हा एकदा परतवाडा आडवा आला. आमच्या मिस्त्रीला सागवानाखेरीज लाकूड म्हणजे जळण वाटते. त्याने दोन इंची फळ्यांचा असा पलंग मनात धरला होता की तो आमच्यानंतर नातवाच्या लग्नातही चालला असता. मी त्याला गणित सांगितले. पुस्तकात भरलेल्या गाडीचे कमाल वजन असते, त्यातून रिकाम्या गाडीचे वजा करा. उरते त्यात माणसे, पाणी, सामान, शिधा आणि तुमचा पलंग. बारा मिलिमीटरचा प्लायवूडचा पूर्ण तक्ता वीस-बावीस किलोचा. तेवढ्यात भागवा. तो हिरमुसला. शेवटी सागवानाचा फक्त एक पाट करून घेतला, पायरी उतरण्या-चढण्यापुरता. हिचा पाय नऊ इंचांच्या वर उचलत नाही, म्हणून पाट बरोबर पायरीच्या निम्म्या उंचीचा. तो पाट त्याने इतका देखणा केला आहे की लोकांना तो देवघरातला वाटतो.

पलंग आम्ही गाडीला ठोकला नाही. तीन तुकड्यांची चौकट, पट्ट्यांनी आवळायची, घरी आल्यावर उतरवायची. ही माझी अक्कल नव्हे. जर्मनीत फोल्क्सवॅगनची व्हॅन १९५० साली आली आणि दुसऱ्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यासाठी मुक्कामाची पेटी काढली. तीही अशीच, हवी तेव्हा ठेवायची, नको तेव्हा काढायची. आसनांचे काय करायचे हे मात्र मी मनाने ठरवले नाही. पुस्तक घेऊन अमरावतीच्या परिवहन कार्यालयात गेलो, लेखी विचारले, जेवढ्याला परवानगी मिळाली तेवढ्याच्या आत राहिलो, आणि विमा कंपनीलाही कळवले. ज्या कुणाला हा उद्योग करायचा असेल त्याने माझ्या शब्दावर न जाता हेच करावे. आणखी दोन गोष्टी सांगून ठेवतो. आत शेगडी पेटवायची नाही, आणि इंजिन चालू ठेवून झोपायचे नाही; बंद डब्यातला धूर माणसाला उठवत नाही. वऱ्हाडच्या उन्हात पत्र्याचे छत तव्यासारखे तापते, म्हणून आतून जाड नमदा लावला. तरी एप्रिल-मे हे महिने घरी बसण्यासाठीच आहेत.

पहिला मुक्काम कुठे, हे हिनेच ठरवले. बहिरम. घरापासून तासाभराच्या आतच. काही बिनसले तर परत येता येईल. पौषातली थंडी होती. वाटेत एकदा थांबलो, हिने पाठ टेकली, उठली. यात्रेतल्या राहुट्यांच्या टोकाला गाडी लावली. रोडगे खाल्ले. रात्री हिचा बिछाना घातला, पाट लावला, ही आत गेली. मी बाहेर, गाडीच्या कुशीला घडीची खाट टाकली आणि दोन घोंगड्या अंगावर घेतल्या.

थोड्या वेळाने दार वीतभर सरकले.

"आमच्या दमणीत बायका वर निजत," ही म्हणाली, "आणि धुरकरी खाली, कडब्यावर."

"मग बरोबर आहे," मी म्हणालो.

"थंडी वाजते काय जी?"

वाजत होती. नाही म्हणालो. तिने आपली शाल बाहेर टाकली आणि दार लावून घेतले.

फेब्रुवारीत आम्ही बुलढाण्याला गेलो. एस.टी.च्या दुप्पट वेळ लागला. सहा वेळा थांबलो: अंजनगावला, अकोटला, मग एका शेताच्या बांधाला निंबाखाली, शेगावला, खामगावला, आणि शेवटी बोथ्याच्या घाटाआधी. दर वेळी ही मागे आडवी होई आणि मी पाटावर बसून घड्याळ पाही. कन्येच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा दिवे लागले होते. नातू तोवर चालायला लागला होता. त्याने आजीकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले नाही. सरळ जाऊन पाटावर बसला, आणि उठायला तयार होईना. आजीला गाडीतून उतरायचे होते, पण पायरी त्याने अडवली होती.

ही दारातच बसून राहिली. पाऊण तास होऊन गेला. मी घड्याळ दाखवले, तर म्हणाली, "राहू द्या हो."